माझा कबड्डीचा आवाज

कबड्डीत चढाई करणाऱ्याला गप्प राहता येत नाही. मध्यरेषा ओलांडल्यापासून परत येईपर्यंत एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, आणि तेही पंचाला स्पष्ट ऐकू येईल असं. याला आम्ही दम घेणं म्हणतो. दम तुटला किंवा पुटपुटल्यासारखा झाला, की पंच हात वर करतो आणि तुम्ही बाद. दुसरा कुठलाही खेळ असता तर मी तोंड मिटून खेळले असते, आणि कदाचित आजही खेळत असते. पण चौलच्या आतल्या बाजूला आमच्या भातशेतीच्या गावात खेळ म्हणजे कबड्डी, आणि माझा आवाज होता जाडा.

जाडा म्हणजे असा, की फोनवर लोक मला बिनदिक्कत 'दादा' म्हणत. सिलिंडरवाला विचारायचा, "दादा, घरात कुणी बाई आहे का?" घरात सगळे खो खो हसायचे, मीही हसायचे. मैदानावर तर त्या आवाजाचं कौतुकच होतं. मी चढाईला निघाले की बांधावर बसलेले ओरडायचे, "सुटली रे मांडव्याची बोट, भोंगा ऐका!" मला ते आवडायचं. आवाजाला घाबरायचं असतं हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

ते आईने शिकवलं. माझ्याबरोबरच्या सगळ्या मुलींना पाळी येऊन जुनं झालं तरी मला आली नव्हती. आई मला तालुक्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, काही मुलींना उशीर होतो, तरी एकदा रक्त आणि सोनोग्राफी करून टाकू. आईने मान डोलावली. एसटीच्या थांब्यावर आल्यावर मात्र म्हणाली, "नको. काय निघाला तर?"

ते 'काय निघाला तर' आजतागायत माझ्या कानातून गेलेलं नाही. पुढच्या वर्षी मला पाळी आली, अगदी थोडी, आणि मग कित्येक महिने नाही. आईला तेवढं पुरलं. पाण्यात घातलेले देव तिने बाहेर काढले, पण मला बजावून ठेवलं, "वजनाच्या खोलीत कपडे काढायचं न्हाय. कुनाला काय दाखवायचं न्हाय."

वजनाची खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. कुमारी गटात वजनाची मर्यादा असते. स्पर्धेच्या सकाळी शाळेच्या एखाद्या वर्गात काटा मांडतात आणि मुलींना एकेक करून आत घेतात. काटा जरा पुढे गेला की मुलगी बाहेर. मग ती स्वेटर घालून वाळूत धावते, घाम काढते, थुंकत राहते, आणि परत येऊन अंगावरचं होतं नव्हतं ते काढून काट्यावर उभी राहते. दाराला एक बाई टॉवेल धरून उभी, आत नुसता खिदळण्याचा आवाज. मी एकटी पूर्ण कपड्यांत. माझं वजन नेहमी काठावर, म्हणून मी आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा घोटाघोटाने प्यायचे. मुली आधी चिडवायच्या, "हिच्या अंगाला सोनं बांधलंय वाटतं." मग चिडवणं थांबलं आणि नुसत्या बघायला लागल्या. चिडवत होत्या तेच बरं होतं.

त्याच सुमारास मुली मोबाइलवर परदेशातल्या खेळाडूंचे व्हिडिओ बघायच्या. कुणी मुलगा म्हणून जन्मलेली आणि आता बाई म्हणून पोहणारी, कुणी जन्मापासून बाईच पण रक्तात काही वेगळं निघालेली. खाली हजारो लोक भांडत असायचे. आमच्यातलीच एक म्हणाली, "मग बाकीच्या पोरींनी कशाला घाम गाळायचा?" मला तिचं म्हणणं पटलं, हे मी लपवणार नाही. नियम नको असं मला कधीच वाटलं नाही. पण व्हिडिओतल्या एका उंच मुलीचे डोळे मी बघायचे. ती माझ्यासारखी आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. तिची भीती मात्र मी ओळखत होते.

जिथे सगळं बिनसलं ती स्पर्धा समुद्राला लागून असलेल्या मैदानावर होती. उपांत्य सामना दुपारचा. समोरच्या संघात कोपऱ्याला एक मुलगी उभी राहायची, सडपातळ, चपळ, घोटा धरण्यात पटाईत. मी चढाईला गेले, तिने घोटा पकडला, मी दम म्हणत तिला मध्यरेषेपर्यंत ओढत आणलं. रेषेला माझा हात लागला आणि त्याच क्षणी ती खांदा आपटून जमिनीवर पडली. कट्ट असा आवाज मी स्वतः ऐकला. तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

तिचे प्रशिक्षक मैदानात धावत आले. आधी तिच्याकडे जातील असं मला वाटलं, पण ते माझ्याकडे बोट करून ओरडले, "ही पोरगी न्हाय! हिला तपासा!"

कडेला बसलेले सगळे उठून बघायला लागले. संयोजकांपैकी एकजण समजुतीच्या सुरात म्हणाले की वाद कशाला, शाळेच्या खोलीत दोन बायका बघतील, पाच मिनिटांचं काम. आमच्या बाई, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या खेळाच्या शिक्षिका, मध्ये आल्या. अंगाने एवढ्याशा, पण तेव्हा कंबरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "माझ्या पोरीला कुणी हात लावायचा नाही. तक्रार आहे ना? जिल्ह्याच्या समितीपुढे या. तोवर ती खेळणार." मी बाईंच्या मागे उभी होते. मी त्यांच्यापेक्षा चांगली हातभर उंच, त्यामुळे मागे लपताही येत नव्हतं.

अंतिम सामना दुसऱ्या दिवशी झाला. पहिल्याच चढाईला प्रेक्षकांतून कुणीतरी शीळ घालून ओरडलं, "काय भाऊ!" आणि माझा आवाज आपोआप बारीक झाला. मी मुद्दाम केला नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही. पंच जवळ आले, कान पुढे केला आणि हात वर केला. दम स्पष्ट नाही, बाद. पुढच्या चढाईला मी आवाज आणखी वर चढवला, अगदी लहान मुलीसारखा, आणि श्वासच पुरेना. पुन्हा बाद. बाई बाहेरून जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "मोठ्याने बोल! तुझ्या आवाजात बोल!" आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. आम्ही हरलो. ज्यांना शंका नव्हती त्यांनाही आता आली. परतताना कानावर आलंच, "आवाज लपवते, म्हणजे काहीतरी हायच."

मी नळावर तोंड धूत होते तेव्हा ती आली. हात गळ्यात अडकवलेला. मी नळ बंद केला. आजूबाजूला कुणी नाही हे बघून ती म्हणाली, "मी काल सकाळी गोळी घेतली होती. पानी उतरवायची. वजन बसत नव्हता. आमचे सर देतात. चक्कर येत होती मला. तू काय मुद्दाम न्हाय केलंस."

ती गोळी नियमात चालत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि ती सगळीकडे चालायची, हेही. वजन उतरवणाऱ्या मुलीकडे कधी कुणी बोट दाखवलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "खरा सांग. तू पोरगीच ना?"

व्हय म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण माझ्या तोंडून निघालं, "मला माहीत न्हाय." हे मी आईलासुद्धा कधी बोलले नव्हते.

ती गळ्यातला हात सावरत मागे सरली. म्हणाली, "मला तुझी लई भीती वाटते. तुझा दम आला की मी डोळे मिटते." आणि गेली.

समितीची बैठक एका सरकारी कचेरीतल्या खोलीत झाली. टेबलामागे तीन माणसं, एका बाजूला मी, आई आणि बाई, दुसऱ्या बाजूला ते सर आणि ती. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. मला नाव आणि गाव विचारलं. मी सांगितलं, त्याच बारीक आवाजात. अध्यक्ष जरा हसले, "आवाज तर मुलीचाच आहे की." मला वाटलं, सुटले.

ते सर ताडकन उठले. "हा तिचा आवाज न्हाय साहेब. तिला दम घ्यायला सांगा."

अध्यक्षांनी मान हलवली. "घे बाळ."

मी उठले. बारीक आवाजात घ्यावा तर खोटी ठरते आणि खऱ्या आवाजात घ्यावा तर तसंच. बाई माझ्याकडे बघत होत्या, आई खाली. मी श्वास भरला आणि घेतला दम, माझ्याच आवाजात. त्या बंद खोलीत तो मलाही परका वाटला. भिंतीवरून उलटा येत होता. आणि समोर त्या मुलीने डोळे गच्च मिटले आणि मोडलेला खांदा चोरला. ती काही नाटक करत नव्हती. ते सगळ्यांनी पाहिलं. माझा दम तिथेच तुटला.

मला वाटलं, संपलं. पण तिने डोळे उघडले आणि तिच्या सरांकडे न बघता म्हणाली, "साहेब, मी गोळी खाल्ली होती. म्हनून पडले. चढाई बरोबर होती तिची." सर तिच्या अंगावर ओरडले. ती रडत होती, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत.

समितीने दोघींनाही खेळाबाहेर बसवलं. तिला गोळीपायी एका मोसमासाठी. मला सांगितलं, रीतसर डॉक्टरी तपासणी करून ये, काही नसेल तर दुसऱ्या दिवसापासून खेळ. बाई म्हणाल्या, उद्याच जाऊ. माझ्यासाठी त्या रजा टाकायला तयार होत्या. मी आज म्हटलं, उद्या म्हटलं, भात लावून झालं की म्हटलं. पुढे बाईंनी विचारायचं सोडलं.

ती मुलगी पुढच्या वर्षी परत मैदानात आली. अजून खेळते. एकदा जत्रेतल्या सामन्याला मी मागे उभी राहून तिला बघितलं. कोपऱ्याला उभी होती आणि समोरची चढाई करत आली तेव्हा तिचे डोळे टक्क उघडे होते. मला तिचा हेवा वाटला. तिच्याकडे सांगून टाकण्यासारखं काहीतरी होतं.

मी आता एका पतपेढीत काम करते. फोनवर लोक अजून 'दादा' म्हणतात आणि मी आवाज बारीक करून 'बोला' म्हणते. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. माझं वय आता कुठल्याच गटात बसत नाही, समितीतले ते तिघेही बदलले असतील. त्या तपासणीचं उत्तर आता कुणालाच नको आहे. फक्त मला हवंय, आणि मी अजून गेलेले नाही.