खाणं आणि चाखणं

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा राजारामपुरीतल्या क्लिनिकमध्ये मी एका पेशंटला आहाराचा तक्ता समजावत होते. "वन्सं, तुमचं अण्णा गेलं की वो…" एवढंच वहिनी बोलल्या. आता महिना होत आला, पण तसला तक्ता हातात घेतला की मला अजून संताप येतो, आणि तो नेमका कुणावर ते ठरत नाही.

अण्णा, माझा थोरला भाऊ, गुळाचा अडत्या. नव्वदच्या दशकात त्याला मधुमेह निघाला, तेव्हा मी नुकतीच आहारशास्त्र शिकून आले होते. मी कॅलरी मोजायचे, तो वैद्यांचा दाखला द्यायचा. "नवा गूळ कफ करतोय, वर्षाचा जुना पथ्याला चालतोय. तुझ्या पुस्तकात जुना-नवा हाय का?" नव्हतं. माझ्या पुस्तकाला गूळ म्हणजे साखर, मग तो कधीचा का असेना. पदार्थाचं वय, ऋतू, खाणाऱ्याची प्रकृती हे सगळं बघणारं त्याचं शास्त्र मला मनातून आवडायचंही. शेवटी मीच त्याला घेऊन वैद्यांकडे गेले. ते म्हणाले, "जुना गूळ हलका, हे खरं. पण या रोगाच्या कारणांतच आम्ही गूळ धरतो. तुम्हाला जुनाही नको." चला, दोन्ही शास्त्रांचं एकदाचं जुळलं! अण्णानं घरातला गूळ त्याच दिवशी बंद केला. कारल्याचा रस, ज्वारीची भाकरी, सकाळचं फिरणं, सगळं इमानानं केलं. तरी साखर उतरेना. वर्षं गेली, एक डोळा अधू झाला, मग पायाची बोटं काढावी लागली…

त्यानंतर एकदा मी बाजारात गेले, तर सौदा चालू होता. अण्णा काठी टेकत गुळाच्या एकेका ढेपेपाशी थांबे, सुरीनं कपचा काढून जिभेवर ठेवी आणि भाव बोले. शेतकरी त्याच्या तोंडाकडे बघत उभे. मी त्याचा हातच धरला.

"गूळ कुठं खाल्ला मी? चाखला. ते खाणं न्हवं सुमे, धंदा हाय."

तो खोटं बोलत नव्हता, हेच भयंकर होतं. चाखणं हे खाण्यात मोडतं, असं त्याला इतक्या वर्षांत कधी वाटलंच नव्हतं. निदान थुंकून तरी टाक म्हटलं, तर म्हणाला, "शेतकऱ्याच्या म्होरं? त्येचा माल?" आणि पुढच्या ढेपेकडे वळला.

मग पाय गेला, मूत्रपिंडं गेली. शेवटी शेवटी तोंडाला चवच राहिली नव्हती. वहिनी पेज भरवायच्या, आणि ती खारट आहे की गोड, हे तो त्यांनाच विचारायचा. त्याला रडताना मी तेव्हा पाहिलं.

आम्हा लिंगायतांच्या रुद्रभूमीत त्याला माती दिली, तिथं तिसऱ्या दिवशी नैवेद्य ठेवायला गेलो. वहिनींनी गुळाचा खडा काढला, पण हात मध्येच थांबला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "वन्सं, आता चालंल न्हवं?"

मला हो म्हणायला वेळ लागला.