ट्रेलरमधली दुसरी बॅटरी

जनावरांची लस आम्ही जीपमागच्या ट्रेलरमध्ये, फ्रीजमध्ये ठेवायचो. एकदा जंगलात फ्रीजनं जीपचीच बॅटरी उतरवली आणि सगळी लस वाया गेली. म्हणून ट्रेलरमध्ये वेगळी बॅटरी बसवायला लाखांदूरच्या एका वायरिंगवाल्याकडे गेलो.

नवीकोरी वायर तो डोळे मिटून मुठीतून ओढत होता. मध्येच थांबला. तिथं कापलं, तर आतल्या तारा तुटलेल्या. मी बघतच राहिलो.

काम संपल्यावर त्यानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, किती ढोराईची लस हाय?"

"चारशे."

त्यानं पक्कड परत उचलली. मग जोडलेली सगळी वायर काढून त्यानं जाड वायर टाकायला घेतली.

"पहिली चालली नसती?"

"चालली असती जी. पन चारशे ढोरं हायेत न."

लसीकरणाच्या तिसऱ्या दिवशी बपेरा गावात शेवटच्या गाईला टोचताना लसीची बाटली हाताला गार लागली.