सासूबाई आमच्यात जेवल्या तो रविवार

डिसेंबरातला दुसरा रविवार, दुपार. जागा: साताऱ्यातल्या आमच्या घराचं मागचं अंगण. हजर: सासरे, सासूबाई, नवरा, दहावीतली लेक आणि मी. सगळे एकाच वेळी बसून जेवले! माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात असं कधी घडलंच नव्हतं.

कारण भाकरी. सासऱ्यांना ती तव्यावरून थेट ताटात लागते. म्हणून आम्ही जेवतो आणि सासूबाई ओट्याशी उभ्या राहून थापतात. मी थापते म्हटलं तर "तू दमून आलीयास, बस," म्हणतात. सगळ्यांचं उरकलं की उरलेली भाकरी घेऊन एकट्या बसतात. आजवर ते चालून गेलं. पण आता त्यांना मधुमेहाची गोळी सुरू झालीय. गोळी घेतल्यावर जेवण लांबलं की हातपाय थरथरतात. दिवाळीनंतर एकदा त्या ओट्यापाशीच मटकन खाली बसल्या. यांना वेळेवर जेवू घाला, असं डॉक्टरांनी मला बजावलं.

मी कामाला लागले. एका संध्याकाळी सगळ्या भाकऱ्या आधीच करून गरम ठेवणाऱ्या डब्यात भरल्या. जेवायला बसून झाकण उघडलं तर वाफेनं सगळ्या ओल्या गच्च. सासऱ्यांनी एक उचलून सगळ्यांना दाखवली. "ह्या भाकरीला आंघोळ घातली का गं?" सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या आणि पुन्हा परातीकडे गेल्या.

तेव्हा डोक्यात आलं. त्यांना तव्यापासून उठवता येत नसेल, तर तवाच पंगतीत आणू!

रविवारी नवऱ्यानं शेतावर न्यायची छोट्या सिलिंडरची शेगडी अंगणात मांडली. भोवती सतरंज्या, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी चौरंग. त्यांना उठायला निमित्त मिळू नये म्हणून मीठ, ठेचा, कांदा, लिंबू, दही, पाण्याची कळशी, मटकीच्या उसळीचं पातेलं, सगळं हाताशी आणून ठेवलं. मग कामं वाटली. सासूबाईंनी थापायच्या, मी भाजायच्या, आणि तवा सरकवला की सासऱ्यांनी आचेवर फुगवायच्या.

"पलटणीत बंदूक धरली. आता चिमटाच ऱ्हायला हुता," सासरे म्हणाले.

"आजोबा, जळली तर तुम्हीच खायची," लेकीनं दम दिला.

पहिलीच भाकरी टम्म फुगली! "बघा रं!" सासरे ओरडले आणि ती त्यांनी सासूबाईंच्या ताटात टाकली.

"आवं, आधी तुमी घ्या."

"गोळी घेतलीयास न्हवं? खा मुकाट."

सासूबाईंनी तुकडा मोडून तोंडात घातला आणि हाऽ हाऽ करत पदरानं वारा घ्यायला लागल्या. "लय गरम हाय! मला कुठं सवय हाय असल्या भाकरीची!"

आम्ही खो खो हसलो. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी दुसरी फुगवली, तिच्यावर फुंकर मारली आणि तीही सासूबाईंच्याच ताटात ठेवली.

"आणि मला कवा?" नवऱ्यानं ताट वाजवलं.

"रांगंत ये, गड्या!"

मध्येच सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. "काय पाहिजे?" आम्ही चौघं एकदम ओरडलो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, सगळं समोरच होतं. "काय न्हाई. सवय," म्हणून हसल्या आणि परत बसल्या. पोटभर जेवल्या. वर दहीही मागून घेतलं!

रात्रीचं जेवण आता असंच करायचं, हे ठरलं. पण सोमवार ते शनिवार दुपारी आम्ही तिघं बाहेर. घरी ते दोघंच, म्हणजे परातीवर पुन्हा सासूबाईच. म्हणून त्याच संध्याकाळी मी सासऱ्यांना पिठासमोर बसवलं. पहिली थापतानाच चिरली, दुसरी उचलताना हातात मोडली. तिसरी करायला ते तयार होईनात. त्यांना भाकरी शिकवणं बाकी आहे.