एस्पोझितो आणि कांबळे

सिंगापुरात प्रीतमला एक सुख होतं, आडनावावरून कुणी काही ताडत नव्हतं. बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेत त्याच्या दारावर 'कांबळे' अशी ठळक पाटी होती आणि ती वाचून कुणाचा चेहरा बदलत नसे. दुःख एवढंच, की मराठीत चार शब्द बोलायलाही कुणी नव्हतं.

अपवाद बुकित बातोकच्या श्रीधर आणि वीणाचा. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, त्याला फोनवर मराठी बोलताना ऐकून त्यांनी त्याला गाठलं आणि दर रविवारी जेवायला बोलवू लागले. आडनाव विचारलं तेव्हा "मी नुसतं प्रीतमच लावतो," म्हणून तो निसटला. मराठी माणूस एवढ्यावर थोडाच सोडतो! पण त्याची पुणेरी भाषा ऐकून दोघांनी परस्पर ठरवून टाकलं, आपल्यातलाच आहे. वरणभातासाठी त्यानेही तो समज मोडला नाही. आठवडाभर मुक्याने राहणाऱ्या माणसाला असा रविवार सोडवत नाही.

शेजारच्या टेबलावर नेपल्सचा एस्पोझितो काम करायचा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, नूडल्स खाता खाता एकदा त्याने आपल्या आडनावाची कुळकथा सांगितली. टाकून दिलेल्या पोरांना त्याच्या गावी हे आडनाव देत. कपाळावर शिक्काच तो. पुढे राजाने ते द्यायला बंदी घातली. काहींनी बदलून घेतलं, बाकीच्यांनी ठेवलं. आता त्यात फुटबॉलपटू आहेत, गायक आहेत, शास्त्रज्ञ आहेत. नेपल्समध्ये कुठेही दगड मारा, एस्पोझितोलाच लागेल.

"आमचा मूळ पुरुष कुणाचा, देव जाणे," म्हणत त्याने सूप संपवलं.

प्रीतमला स्वतःची लाज वाटली. त्याच्या मास्तर वडिलांनी हेच कांबळे आडनाव उभ्या गावात ताठ मानेने लावलं होतं.

त्या रविवारी भात वाढताना वीणावहिनींनी सहज विचारलं, तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा की पाच?

"आमच्याकडे गणपती नसतो, वहिनी. आम्ही बौद्ध. मी प्रीतम कांबळे."

वहिनींचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी आग्रहाने तूप वाढलं. आम्ही असलं काही मानत नाही, असं श्रीधर दोनदा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी त्यानेच केला, तर घरी पाहुणे होते. वहिनींचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

रविवारी एस्पोझितोने त्याला हॉकर सेंटरमध्ये एकटा पाहिलं आणि समोर बसत विचारलं, आज तुझं घरचं जेवण नाही?

"त्यांना माझं आडनाव सांगितलं," प्रीतम म्हणाला.

एस्पोझितोला काही उमगेना. सगळं उलगडून सांगावं लागलं, तेही इंग्रजीत. मग त्याने आपली बशी प्रीतमकडे सरकवली. प्रीतमने एक घास खाल्ला. इतकं होऊनही त्याला त्या घरचा वरणभातच हवा होता, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.