करंटअण्णांची बोटं

हुबळीच्या केशवापुरात करंटअण्णांचं गॅरेज होतं, आणि दिवसातून चाळीस वेळा शॉक बसला नाही तर अण्णांना जेवण पचत नसे. प्लगची वायर ते उघड्या बोटांत धरायचे आणि गाडीवाल्याला ओरडून सांगायचे, "मार सेल्फ!" आपण किल्ली फिरवली की अण्णांचं कोपर टुणकन उडायचं आणि निदान तयार. शपथेवर सांगतो, त्यांचे केस कायम उभे असत आणि टोपी त्यांवर चार बोटं तरंगत असे.

शॉकच्या त्यांनी जाती लावल्या होत्या. मुंगी, गांधीलमाशी आणि विंचू. "एक नंबरला मुंगी चावतीय, प्लग बदलू." "तीनला गांधीलमाशी, वायर चिरलीय." चारी सिलिंडरांना विंचू डसला की अण्णा खूश. "जा आता, बेळगावपर्यंत मागं बघू नकोस!"

तारिहाळच्या कारखान्यातला एक इंजिनियर त्यांना करंट मोजायचं मीटर दाखवायला आला होता. अण्णांनी ते चहाच्या ग्लासावर झाकण म्हणून ठेवलं. "एनप्पा, काय रे बाबा, तुझ्या मीटरला कधी दुखलंय का? ज्याला दुखत नाही, त्याला काय कळतंय?" पुढच्या महिन्यात तोच इंजिनियर आपली बंद गाडी घेऊन मुकाट्यानं रांगेत उभा.

गेल्या वर्षी माझी म्हातारी गाडी विद्यानगरात बंद पडली. ती ढकलत केशवापूरला आणली. म्हणजे ढकलली चार रिक्षावाल्यांनी. मी स्टिअरिंगवर बसून त्यांना धीर दिला.

अण्णांनी वायर धरली, मी सेल्फ मारला. कोपर जागचं हललं नाही.

"मुंगीसुद्धा नाही. कॉइल गेली."

नवी कॉइल घातली. काही नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी बदलली, वायरी बदलल्या. काहीच नाही. अण्णांना घाम फुटला. त्यांचं निदान चुकलेलं हुबळीत कुणी पाहिलं नव्हतं.

"तू धर बघू," ते म्हणाले. "सेल्फ मी मारतो."

मेलेली वायर, भ्यायचं काय? मी ऐटीत धरली.

विंचू कसला, विंचवांचं अख्खं खानदान डसलं! मी उडालो तो थेट जुन्या टायरांच्या ढिगात. सात पिढ्यांचे पूर्वज ओळीनं दिसले, दोघांनी तर तब्येत विचारली.

"अण्णा, करंट आहे हो! रग्गड आहे!" मी हसत हसत ओरडलो.

अण्णा हसले नाहीत. ते आपल्या बोटांकडे बघत होते.

करंट पहिल्यापासून होता. संपलं होतं पेट्रोल, आणि ते भरायला मीच विसरलो होतो. बोटं बधिर झाल्याचं कारण डॉक्टरांनी पुढं रक्तातली साखर म्हणून सांगितलं, आणि गॅरेजही पुढं बंद झालं. त्या दुपारी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अण्णांनी वायर उचलली. "मार सेल्फ."

मी मारला.

"इन्नोंद सल. पुन्हा एकदा."

पुन्हा मारला. त्यांनी वायर डाव्या हातात घेतली, मग परत उजव्या. सेल्फ कण्हायला लागला.

"अण्णा, बॅटरी उतरेल."

"उतरू दे. मार तू."

शेवटी किल्ली फिरवली तर नुसतं टक् झालं. मग तेही नाही. अण्णा वायर घट्ट धरून उभेच होते.

"थांब थांब," ते म्हणाले, "आत्ता जरासं लागलं बघ."