डोळ्यांवरून खुनी

आमचा शेजारी गणपतीचे डोळे आखतो. हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यांतून त्याला बोलावणी येतात आणि त्याच्याइतका स्थिर हात पेणमध्ये नाही, हे मी मान्य करतो. पण माणूस भारी आगाऊ.

त्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने व्हीसीआर भाड्याने आणला आणि खुनाच्या एका मालिकेच्या सात कॅसेटी. सकाळी फराळाची ताटली घेऊन मी जो बसलो, तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. त्या सुखात खडा एकच, तो स्वतः. पडद्यावर कोणी नवीन आलं की हा पॉज दाबायचा, टीव्हीच्या काचेला नाक लावायचा आणि निकाल द्यायचा.

"मास्तर, ह्या माळ्याचे डोळे बघा. खुनी हाच हाय."

सहा कॅसेटी त्याने त्या बिचाऱ्या माळ्याला फासावर लटकवून ठेवलं. सातवीत खुनी निघाला डॉक्टर. हा चकली मोडत म्हणाला, "मालिका करणाऱ्यांना डोळ्यांतलं काय कळत नाय."

दुसऱ्या दिवशी रोह्याहून त्याचे मेहुणे आले. त्याने पहिली कॅसेट पुन्हा लावली. डॉक्टर दिसताच पॉज दाबून त्याच्यावर बोट ठेवलं. "खुनी हा. डोळे सांगतात."

शेवटी डॉक्टरच निघाला तेव्हा मेहुणे थक्क झाले. हा माझ्याकडे वळला. "मी बी पयल्यांदाच बघतोय. व्हय ना, मास्तर?"

मी "व्हय" म्हणालो.

आमच्या गणपतीचे डोळे दरवर्षी तोच आखतो. पुढच्या भाद्रपदात आरतीला मी त्या डोळ्यांपासून लांब, मागच्या रांगेत उभा राहिलो.