क्लब घरी आला आणि आई उठल्या

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर कुंड्या, टीपॉयवर कात्र्या, पेपर पसरून त्यावर माती... आणि मधोमध माझं उंबराचं बोन्साय.

आमचा भिवंडीतला बोन्साय क्लब तसा छोटा, पण त्या महिन्यात नुसती पळापळ होती. एका शाळेत मुलांसाठी वर्कशॉप, दिघाशीला एका मेंबरच्या शेतावर कुंड्या बदलायचा कार्यक्रम, आणि धामणकर नाक्याजवळच्या हॉलमध्ये प्रदर्शन. गोडाऊनच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून मी सगळीकडे जाणार होते...

पण महिन्याच्या सुरुवातीलाच सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण घरी आल्यावर आई पलंगावरून उतरायलाच तयार नाहीत.

वॉकर धरून चाललंच पाहिजे, नाहीतर पाय आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीला बघितलं की आई डोळे मिटून घ्यायच्या. "परत पडले तर? मला न्हाय जमायचं..." एवढंच.

माझे मिस्टर मिलिंद समजावून थकले, एकदा चिडलेसुद्धा. डोक्यावर पाटी घेऊन वर्षानुवर्षं बाजारात भाजी विकलेली बाई दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून राहते, हे बघवत नव्हतं. त्याच खिडकीत माझं उंबराचं झाड होतं, कारण ऊन तिथेच येतं.

फांद्यांना वळण लावायला गुंडाळलेली तार काढायची राहून गेली होती. ती आता सालीत रुतायला लागली होती. शेवटी मी क्लबच्या ग्रुपवर कळवून टाकलं, या वेळी प्रदर्शनात माझं झाड नसेल.

लगेच फरीदा आपांचा फोन. आपा आमच्या क्लबच्या सगळ्यात जुन्या मेंबर, सगळे त्यांना टरकून असतात. "तू नहीं आ सकती ना? ठीक है, हम आते हैं. मीटिंग तेरे घर पे." मी नको नको म्हणेपर्यंत फोन ठेवूनही दिला!

आणि रविवारी खरंच सगळे आले. आपांनी झाड हॉलमध्ये आणलं, जमिनीवर बैठक मारली आणि तारेचे तुकडे करत अलगद काढायला लागल्या. मग सगळ्यात खालच्या फांदीवरून वाद सुरू झाला... कापायची की ठेवायची? कापायची, असंच बहुतेकांचं मत पडलं.

"ती फांदी नका कापू!" आतून आईंचा आवाज आला. गलक्यात शब्द कोणाला कळलेच नाहीत, मला वाटलं हाक मारतायत. "आले हं आई," म्हणत मी मातीचे हात झटकून उठले, तर समोरच...

आई दारात उभ्या. वॉकर घट्ट धरलेला, केस विस्कटलेले, चेहरा घामाने डबडबलेला.

"कवाची ओरडतेय मी! तिला मागच्या अंगाला बारकी उंबरं लागलीत. दिसत न्हाय का तुमाला?"

पान बाजूला केलं तर खरंच... वाटाण्याएवढी दोन उंबरं! आम्ही सगळे झाडाचं वळण बघत होतो, मागे कोणी बघितलंच नव्हतं.

मी धावत जाऊन त्यांना धरलं. आपांनी मात्र काही मोठं घडल्यासारखं दाखवलंच नाही. खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "आइए बहनजी, बैठिए. आप ही बताइए, कैसे करना है."

आई एकेक पाऊल टाकत आल्या आणि बसल्या. भीती नाही वाटली का, मी विचारलं. "वाटली की. पन तवर तुमी कापली असती ना!" मिलिंद किचनच्या दारात उभे होते, ते वळून आत गेले. डोळे भरून आले होते त्यांचे.

झाड प्रदर्शनाला गेलं, त्या फांदीसकट. बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. आई आता वॉकर घेऊन रोज गॅलरीपर्यंत जातात... कुरकुर करत का होईना, पण जातात.

काल आपांना थँक्यू म्हणायला फोन केला. "वो छोड़, पहले बहनजी को फोन दे," म्हणाल्या. मग दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या, एक मराठीत आणि एक हिंदीत. मध्येच आई खळखळून हसल्या... मी तिथेच बसून ऐकत राहिले.

माझं थँक्यू राहूनच गेलं. म्हणून इथे म्हणते... आपा, आणि त्या दिवशी माझ्या घरात माती घेऊन आलेले तुम्ही सगळे, तुमचे खूप खूप आभार.